शिळ्या पावाची पुण्याई

शेजारणीकडून आलेली ताटली रिकामी परत करायची नाही, हा रिवाज आपल्याच चाळींतला, अशी माझी समजूत होती. ती न्यू जर्सीत खोटी ठरली. मुलाकडे दिवाळीला गेले होते. फराळ झाला तेव्हा शेजारच्या आजीबाईंना चार चकल्या, चार करंज्या आणि मूठभर चिवडा नेऊन दिला. आजीबाई ऐंशी ओलांडलेल्या. आईवडील इटलीतले, नेपल्सच्या मागच्या डोंगरांतल्या एका खेड्यातले. त्यांचा स्वतःचा जन्म मात्र अमेरिकेतला. माझी नातवंडे त्यांना ‘नोन्ना’ म्हणतात. नोन्ना म्हणजे इटालियन भाषेत आजी. मग मीही त्यांना नोन्नाच म्हणू लागले.

तीन दिवसांनी नोन्ना दारात उभ्या राहिल्या. हात रिकामे. म्हणाल्या, “तुझी ताटली तशीच पडलीय माझ्याकडे. तिच्यात काय घालू, ते विचारायला आले. शनिवारी मी पोल्पेत्तोने करणार आहे. पण त्यात बीफ असतं. तुला चालत नाही ना?”

चालत नाही, हे मी सांगितले. घरची सवय, दुसरे काय! मटण-मासळी खाणारे आमचे घर. पण गोमांस कधी उंबरठ्याच्या आत आले नाही.

“मग डुकराच्या मांसाचं सॉसेज?”

त्याला माझी ना नव्हती. गिरगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या गोव्याच्या बाईंनी लहानपणीच चोरीस खायला घालून माझी ती भीड मोडली होती. नोन्नांनी बोटांवर हिशेब केला. “ठीक. मग दोन करीन. आमचा बीफचा आणि तुझा मेंढीच्या खिम्याचा. बाकी सगळं तेच. करताना येऊन बघ, म्हणजे काय खातेस ते तुला कळेल.”

दुसऱ्याच्या पंक्तीचा इतका विचार करणारी बाई सुगरण असणारच, हे मी त्याच वेळी ओळखले.

नावात काय आहे

पोल्पेत्ता म्हणजे खिम्याचा लहान गोळा, आपला कोफ्ताच म्हणा ना. इटालियन भाषेत शब्दाच्या शेवटी ‘ओने’ लावले की वस्तू मोठी होते. आपल्याकडे टोपलीचा टोपला होतो, तसा पोल्पेत्ताचा पोल्पेत्तोने झाला. हाताने थापून पावाच्या लादीएवढा लांबट केलेला, भट्टीत भाजून, टोमॅटोच्या रसात माखून, जाड काप करून वाढलेला हा खिम्याचा प्रकार. अमेरिकेत त्याच्या भावंडाला ‘मीटलोफ’ म्हणतात. म्हणजे मांसाचा पाव. नाव आकारावरून पडले. पण त्यातला ‘पाव’ किती खरा आहे, ते मला पुढे कळायचे होते.

हा पदार्थ मेजवानीचा नव्हे. रेशमाचा व्यापार करून सुखवस्तू झालेल्या पेल्लेग्रिनो आर्तूझी या गृहस्थांनी १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये पदरमोड करून एक पाकशास्त्राचे पुस्तक छापले. प्रकाशक कोणी मिळेना म्हणून स्वतःच एक हजार प्रती काढल्या. तेव्हा त्यांचे वय होते ७१. हळूहळू ते पुस्तक इटलीच्या घरोघरी गेले आणि कृतींची संख्या वाढत वाढत ७९० वर पोहोचली. त्यात पोल्पेत्तोनेचीही कृती आहे. पण ती सांगण्याआधी आर्तूझी एक गंमत करतात. दारात संकोचून उभ्या राहिलेल्या गरीब पाहुण्याला ‘या, आत या’ म्हणावे, तसे ते श्रीयुत पोल्पेत्तोने यांना पुढे बोलावतात आणि वाचकांशी त्यांची ओळख करून देतात. कारण हा पदार्थ आदल्या दिवशीच्या उकडलेल्या, उरलेल्या मांसाचा. त्यात चीज, मसाला, अंडे आणि दुधात किंवा रश्श्यात शिजवलेला पावाचा गर. मोठ्यांच्या पंक्तीला बसायला त्याने लाजावे, हे ठीकच!

पावाची ही जोडी तर याहून किती तरी जुनी. प्राचीन रोमन काळातला, आपिकियुसच्या नावावर असलेला एक पाककृतींचा संग्रह आहे. त्यातही बारीक कुटलेल्या मांसात द्राक्षमद्यात भिजवलेला पावाचा गर घालायला सांगितले आहे.

पावापासून आरंभ

शनिवारी दुपारी मी नोन्नांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. ओट्यावर दोन भांड्यांत दोन प्रकारचे खिमे, कागदात गुंडाळलेली सॉसेजे, कांदा, लसूण, पार्सलीची जुडी. मला वाटले, आता त्या खिम्याला हात घालतील. त्यांनी हात घातला तो पावाच्या डब्यात! दोन दिवसांचा, कडक झालेला पाव काढला, त्याच्या कडा कापल्या, आतला गर हाताने कुस्करला आणि त्यावर दूध ओतले.

“हे आधी,” त्या म्हणाल्या. “मांस कुठे पळून जात नाही. पावाला मात्र वेळ द्यावा लागतो.”

पाव भिजला. त्यांनी मुठीत घेऊन हलकेच दाबला. दूध ओघळता कामा नये, पण बोटांना ओल लागली पाहिजे, अशी त्यांची परीक्षा. मग काट्याने फेटून त्याची मऊ खीर केली. अंडे, किसलेले चीज, तेलात परतून गार केलेला कांदा-लसूण, चिरलेली पार्सली आणि मिरपूड असे सगळे त्या खिरीत मिसळले. खिमा आणि आवरण काढून मोकळे केलेले सॉसेज यांचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला.

सॉसेजचा कागद उघडताच माझ्या नाकाला ओळखीचा वास आला. बडीशेप! जेवणानंतर आपण तोंडात टाकतो तीच. अमेरिकेत ‘इटालियन सॉसेज’ म्हणून जे मिळते, त्याची खूणच ही. एक प्रकार सौम्य, एक लाल मिरचीचा तिखट. पोल्पेत्तोनेत सॉसेज घालतात ते उगीच नव्हे. नुसत्या गाईच्या मांसाचा खिमा चवीला सरळमार्गी आणि भाजल्यावर कोरडा. सॉसेजमधल्या चरबीने त्याला ओलावा येतो आणि मीठ, मिरी, बडीशेप हा मसाला आयता मुरलेला मिळतो. तिथले खाटीक सॉसेज बनवतात तेव्हा निम्मा स्वयंपाक त्यांनीच केलेला असतो, म्हणा ना!

मी मदतीला हात पुढे केला आणि आपल्या सवयीने कालवायला लागले. नोन्नांनी माझे मनगट धरले. “अगं, हळू! कणीक मळतेस का?”

कणीकच मळत होते! खिमा तिंबायचा नसतो, हे त्या दिवशी कळले. बोटे पसरून, पंजा करून, जेमतेम एकजीव होईपर्यंतच कालवायचा.

गोष्ट पावाची

भट्टीत दोन्ही लाद्या गेल्या आणि नोन्ना खुर्चीवर टेकल्या. तेव्हा गोष्ट निघाली.

त्यांची मुलगी न्यूयॉर्कमध्ये बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. मागच्या महिन्यात तिने घरी पोल्पेत्तोने केला. उत्तम प्रतीचे, चरबी काढलेले महाग मांस आणले. सॉसेज वगळले, पावही वगळला. पदार्थ भट्टीतून आला तो विटेसारखा. सुरी लावली की कण सुटत आणि सगळा रस ट्रेमध्ये उतरलेला. नोन्ना म्हणाल्या, “मी एवढंच विचारलं, पाव नाही घातलास? तर मला म्हणते, ममा, पाव घालायचे दिवस गेले. आपण आता गरीब नाही.”

नोन्ना थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तिचं काय चुकलं? मीच शिकवलं तिला. माझी आई पाव भिजत घालायची ना, ते भांडं पाहुणा आला की कपाटात सरकवायची. पाव दिसला तर लोक म्हणतील, यांना मांस परवडत नाही. मीही तेच करत आले. मुलगी बघत होती.”

या भीतीमागे मोठा इतिहास आहे. १८६१ साली इटली एक राष्ट्र झाले खरे, पण दक्षिणेकडच्या शेतमजुराच्या ताटात त्याने फारसा फरक पडला नाही. मांस म्हणजे नाताळ, ईस्टर आणि लग्नकार्य. एरवी पाव, कडधान्ये, पाला. १८८० ते १९२४ या काळात ४० लाखांहून अधिक इटालियन माणसे अमेरिकेत उतरली, त्यांत बहुतेक याच दक्षिणेतली. अमेरिकेत मांस स्वस्त! गावाकडे वर्षातून चार वेळा दिसणारा जिन्नस इथे दर रविवारी ताटात. नव्या देशात आपले बरे चालले आहे, याची खूण म्हणजे रविवारचे मांस. मग त्यातला पाव लोकांना कशाला दाखवायचा?

पण दिवस फिरतात. १९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि पुढच्या दहा वर्षांत लाखो घरांतली कमाई आटली. मीटलोफ अमेरिकेत रुळला तो याच दिवसांत, इटालियनांच्याच नव्हे तर सगळ्यांच्या घरी. पाव घाला, ओट घाला, बिस्किटांचा चुरा घाला. पण अर्ध्या किलो मांसात सहा माणसे जेवली पाहिजेत! महायुद्ध आले, मार्च १९४३ मध्ये मांसावर रेशनिंग बसले, गृहिणी कुपने मोजून खाटकाकडे जाऊ लागल्या. ते १९४५ च्या नोव्हेंबरात उठले. नोन्ना तेव्हा अगदी लहान. पण कपाटात सरकवलेले ते भांडे पुढेही राहिले.

ऐकता ऐकता मला माझी आई दिसू लागली. १९७२ चा दुष्काळ. मुंबईत रेशनवर तांबडी मिलो मिळे. आई ती ज्वारीच्या पिठात मिसळून भाकऱ्या करी आणि आम्ही मुले तोंडे वाकडी करत खात असू. पण दाराची कडी वाजली, की भाकऱ्यांचे टोपले फडताळात जाई आणि जपून ठेवलेल्या गव्हाच्या पिठाच्या दोन पोळ्या पाहुण्याला लाटल्या जात. मी हे नोन्नांना सांगितले. त्यांना मिलो ठाऊक नव्हती, पण फडताळ बरोबर कळले.

लाज की शास्त्र?

गंमत अशी, की ज्या पावाची लाज वाटली, त्यावरच या पदार्थाची सगळी चव उभी आहे. मांस तापले की त्यातली प्रथिने आकसतात आणि ओले फडके पिळावे तसा रस बाहेर टाकतात. दुधात भिजलेल्या पावातले पिष्ट त्या प्रथिनांच्या मध्ये शिरते, त्यांना घट्ट आवळू देत नाही आणि सुटलेला रस धरून ठेवते. कटलेटमध्ये आपण भिजवलेला पाव घालतो, त्याचेही मर्म हेच. तो नुसता भरतीचा नव्हे.

तिंबू नये, याचेही कारण आहे. मीठ लागलेले मांस फार मळले की त्याला चिकटपणा येतो आणि शिजल्यावर ते रबरासारखे घट्ट होते. सॉसेज करताना तेच हवे असते, इथे नको. म्हणून मीठही शेवटीच.

चीजची आणि टोमॅटोची जोडीही अशीच पूर्वजांनी शहाणपणाने लावलेली. ग्लुटामेट नावाचे जे द्रव्य चवीला खोली आणते, ते मुरलेल्या पार्मेझान चीजमध्ये भरपूर आणि पिकल्या टोमॅटोतही चांगले असते. इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ साली ते समुद्रवनस्पतीतून वेगळे काढले. इटालियन आजीबाईंना त्याचे नाव माहीत नव्हते, एवढेच.

तासाभराने लाद्या बाहेर आल्या. नोन्नांनी मला सुरी लावू दिली नाही. दहा मिनिटे तशाच ठेवल्या, म्हणजे रस आत मुरतो. मग माझ्या वाटणीच्या लादीचा काप पडला. मऊ, ओलसर, तरी न मोडणारा. मधूनच दाताखाली बडीशेप. माझा मुलगा बीफचा खाऊन आला आणि दुसऱ्या कापासाठी परत गेला, यावरून त्याचीही परीक्षा झाली. ताटली घरी आली ती काठोकाठ भरून.

पुढच्या आठवड्यात मुलीचा नोन्नांना फोन आला, “ममा, पाव किती घालतेस?” नोन्ना म्हणाल्या, “लागेल तेवढा.” आता या उत्तराने कोणाचा स्वयंपाक होतो? तेव्हा मी मुलाच्या घरचा वजनकाटा घेऊन गेले, नोन्नांनी मूठ भरली की ती काट्यावर ठेवायला लावली आणि सगळे लिहून काढले. एक प्रत मुलीला गेली. दुसरी ही.

साहित्य (सहा ते आठ माणसांसाठी)

गाईच्या मांसाचा खिमा, थोडी चरबी असलेला, ४५० ग्रॅम, इटालियन सॉसेज २२५ ग्रॅम, शिळ्या पावाचा गर १०० ग्रॅम, दूध अर्धा कप, एक अंडे, किसलेले पेकोरीनो किंवा पार्मेझान चीज ५० ग्रॅम, एक लहान कांदा आणि लसणाच्या तीन पाकळ्या, अगदी बारीक चिरून, मूठभर चिरलेली पार्सली, अर्धा चमचा भरड कुटलेली बडीशेप, अर्धा चमचा मिरपूड, एक लहान चमचा मीठ, ऑलिव्ह तेल दोन मोठे चमचे. वरच्या रसासाठी डब्यातले सोललेले टोमॅटो ४०० ग्रॅम, लसणाच्या दोन पाकळ्या, थोडी बेझिलची पाने, चवीला मीठ आणि आणखी एक चमचा तेल.

कृती

पाव दुधात १५ मिनिटे भिजवून काट्याने मोडून एकजीव करावा. कांदा-लसूण तेलात मंद आचेवर, लाल न करता, मऊ होईपर्यंत परतून पूर्ण गार होऊ द्यावा. पाव, कांदा, अंडे, चीज, पार्सली, बडीशेप व मिरपूड एकत्र करावी. त्यात खिमा व मोकळे केलेले सॉसेज घालून, मीठ भुरभुरून, हलक्या हाताने कालवावे. सॉसेज आणि चीज दोन्ही खारट असतात; म्हणून लिंबाएवढा गोळा तव्यावर पूर्ण भाजून चव पाहावी. कच्चे मिश्रण चाखू नये.

तेल लावलेल्या ट्रेमध्ये मिश्रणाची सुमारे २२ सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद लादी थापावी. साच्यात घालू नये. साच्यात ती आपल्याच चरबीत उकडते, ट्रेवर चहूबाजूंनी भाजते. १८० अंश सेल्सियसला तापवलेल्या भट्टीत ४० मिनिटे ठेवावी. दरम्यान तेलात लसूण परतून, टोमॅटो कुस्करून, मीठ व बेझिल घालून रस दाट आटवावा. तो लादीवर पसरून आणखी २० ते २५ मिनिटे भाजावे. उष्णतामापक असेल तर लादीच्या मध्यभागी ७१ अंश भरले पाहिजेत. बाहेर काढून दहा मिनिटांनी बोटभर जाडीचे काप करावेत.

भट्टी नसेल तर अडू नये. इटलीत हा प्रकार पातेल्यातही करतात. लादी पिठात घोळवून, तेलात सर्व बाजूंनी तांबूस परतून, टोमॅटोचा रस ओतून, झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास शिजवावी. भट्टीत काय, पातेल्यात काय, मधोमध पूर्ण शिजलेली असली म्हणजे झाले.

आपल्या घरी

महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०१५ पासून ती बैल व वळू यांनाही लागू झाली आहे. तेव्हा इथे मटणाचा खिमा हाच राजमार्ग. खाटकाला थोडी चरबी ठेवायला सांगावी. डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी सॉसेजऐवजी तेवढाच मटणाचा खिमा वाढवून बडीशेप एक चमचा करावी आणि चिमूटभर लाल मिरची घालावी. पार्सलीच्या जागी कोथिंबीर घातली तर चव बदलते, पण बिघडत नाही.

आणि ज्यांच्या घरी मांस शिजतच नाही, त्यांच्यासाठी जेनोआच्या गृहिणींनी सोय करून ठेवली आहे. त्यांच्या पोल्पेत्तोनेत मांसाचा कणही नसतो! अर्धा किलो फरसबी उकडून बारीक चिरतात, ३०० ग्रॅम बटाटे उकडून कुस्करतात. त्यात तीन अंडी, चीज, लसूण, मार्जोरम आणि भिजवलेली सुकी अळंबी घालून तेल लावलेल्या ट्रेमध्ये थापतात, वर पावाचा चुरा आणि तेल शिंपडून खरपूस भाजतात. पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातले रेनेट असते, एवढे मात्र कडक शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे.

मुंबईला परतल्यावर मी मटणाचा पोल्पेत्तोने केला. माझे दीर-जाऊ, भाचे मंडळी जेवायला होती. ताट पुसून झाल्यावर जाऊबाईंनी विचारले, “वहिनी, इतका मऊ कसा झाला हो? काय घातलंत?”

आईच्या फडताळाची मला क्षणभर आठवण झाली. मग मी स्वच्छ सांगितले, “शिळा पाव.”